साधुवेशातील चोर आणि चोरातील साधू : कथासाहित्यातील सभ्य चोराचा मागोवा

चोर म्हटला की डोळ्यांपुढे येते ती अंधारात भिंतीला कान लावून उभी असलेली, अंगाला तेल चोपडलेली भेदरट आकृती. परंतु कथा, नाटक आणि चित्रपट यांच्या जगात याहून वेगळा असा एक चोर फार प्राचीन काळापासून वावरत आला आहे. त्याचे बोलणे मृदू असते, वेश नीटनेटका असतो, स्त्रियांशी तो आदराने वागतो, गरिबाच्या घरात शिरला तर संकोचाने मागे वळतो, आणि चोरी करून गेल्यावरही मागे राहिलेल्या माणसांच्या मनात त्याच्याविषयी रागापेक्षा कौतुकच अधिक उरते. १९४३ साली बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’ या चित्रपटात अशोककुमार यांनी रंगविलेला खिसेकापू शेखर याच जातीचा होता, आणि तो चित्रपट कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. प्रेक्षकांनी चोराला एवढे प्रेम द्यावे याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. वस्तुतः त्यात नवे असे काही नव्हते.

हा सभ्य चोर पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आला अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात आढळते. त्यांच्याकडे त्याचे दोन नमुने विशेष गाजले. इंग्लंडमध्ये हॉर्नंग या लेखकाने १८९८ साली रॅफल्स नावाचा नायक वाचकांपुढे आणला. हा गृहस्थ नामांकित क्रिकेटपटू, उच्चभ्रू वस्तीत राहणारा, मेजवान्यांना निमंत्रण असणारा; आणि ज्या घरी जेवायला जावयाचे त्याच घरातील दागिने रात्री लंपास करणारा. हॉर्नंग हा शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांचा मेहुणा. त्याने आपले पुस्तक त्यांनाच अर्पण केले. परंतु गुन्हेगाराला नायक करू नये असे डॉयल यांचे स्पष्ट मत होते. पुढे १९०५ मध्ये फ्रान्समध्ये मॉरिस लब्लांक यांनी आर्सेन लुपिन निर्माण केला. हे दोघे जगभर पसरले हे खरे. तथापि आपल्या देशात या घराण्याचा मूळ पुरुष त्यांच्या दीड हजार वर्षे आधीच जन्मला होता, आणि त्याच्या चरित्राची जी मांडणी जैन आचार्यांनी केली ती इतर कोणत्याही साहित्यात सापडत नाही.

आरंभ शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’पासून करणे सोयीचे होईल. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे त्यातील शर्विलक महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. शर्विलक हा ब्राह्मण, चार वेद जाणणाऱ्या घराण्यातील. मदनिका या दासीला दास्यातून सोडविण्यासाठी त्याला द्रव्य हवे आहे. उज्जयिनीत चारुदत्ताच्या वाड्याच्या भिंतीला भोक पाडताना तो ते कसेबसे पाडत नाही. भिंत पक्क्या विटांची आहे, तेव्हा कमळाच्या आकाराचे भोक शोभेल, अर्धचंद्राचे, की पूर्णकुंभाचे, याचा कलावंतासारखा विचार करतो. मापाची दोरी घरी विसरली म्हणून गळ्यातील जानव्यानेच माप घेतो. आत शिरल्यावर मात्र पाहतो तो मृदंग, वीणा आणि पोथ्या, घरात दारिद्र्य. एका कुलीन माणसाला विपन्नावस्थेत आणखी पीडा देऊ नये असे वाटून तो परत फिरू लागतो. तेवढ्यात झोपेत बरळणारा मैत्रेय, वसंतसेनेने ठेव म्हणून ठेवलेले दागिने चारुदत्ताला देत आहोत या समजुतीने, स्वतःच शर्विलकाच्या हातात देऊन मोकळा होतो.

सकाळी चारुदत्त ते भोक पाहून त्याच्या घडणीची प्रशंसा करतो. एवढे श्रम करून परका माणूस आपल्या घरातून रिकाम्या हाताने गेला असेल तर काय, याचीच त्याला चिंता. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो आणि तो योग्यच आहे. परंतु व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाची दृष्टी थोडी पुढे जाते. दागिने चारुदत्ताचे नव्हते. ती ठेव होती. ठेव भरून देणे भाग होते, आणि ती भरली कोणी? चारुदत्ताची पत्नी धूता हिने. माहेरहून मिळालेली रत्नमाला, तीसुद्धा पतीला दान घेतल्याचा संकोच वाटू नये म्हणून, व्रताच्या निमित्ताने मैत्रेयाच्या हाती देऊन. नाटकात धूतेच्या वाट्याला फार थोडी वाक्ये आली आहेत. शर्विलकाचे स्वगत रसिकांना पाठ असते. ज्या स्त्रीने त्याच्या कलेची किंमत मोजली तिचे नाव विचारले तर बहुतेकांना आठवावे लागते. सभ्य चोराच्या बहुतेक सर्व कथांत अशी एक धूता कोपऱ्यात उभी असते.

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील अपहारवर्मा हा राजपुत्र शर्विलकाहून अधिक धीट, आणि त्याची कर्मभूमी तर भगवान वासुपूज्यांच्या पंचकल्याणकांनी पावन झालेली चंपानगरी. येथे तो चोरीला लागतो तेच मुळी एका रडणाऱ्या क्षपणकाच्या भेटीमुळे. हा क्षपणक पूर्वाश्रमीचा विरूपक नावाचा श्रेष्ठीपुत्र. काममंजरी या गणिकेने त्याला लंगोटीपर्यंत लुबाडले होते. त्याची संपत्ती परत मिळवून देण्याचे वचन देऊन अपहारवर्मा नगरातील कंजूष धनिकांच्या घरांकडे वळतो. त्याच्याजवळील साहित्याची यादी दंडीने मोठ्या चवीने दिली आहे : खणण्याचे हत्यार, चिमटा, मापाची दोरी, आत कोणी जागे आहे का हे पाहण्यासाठी भोकातून पुढे करावयाचे नकली मुंडके, आणि दिवा विझविण्यासाठी डबीत भरून नेलेले भुंगे. एके रात्री वाटेत त्याला दागिने घालून एकटीच निघालेली तरुणी भेटते. वडील श्रीमंत वराशी लग्न लावून देत आहेत म्हणून ती पूर्वी ज्याच्याशी ठरले होते त्या निर्धन झालेल्या धनमित्राकडे चालली आहे. भीतीने ती आपले दागिने याच्यापुढे करते. हा तिचा एकही अलंकार न घेता तिला त्याच्या घरी सुखरूप पोहोचवतो. पुढे एका जादूच्या कातडी पिशवीची हूल उठवून तो काममंजरीला स्वतःच्या हातांनी विरूपकाचे धन परत करावयास लावतो. ही पिशवी म्हणे अन्यायाने मिळविलेले धन ज्याचे त्याला परत केल्यावरच फळ देते! लोभी माणसाला त्याच्या लोभानेच बांधावे, ही युक्ती दंडीला साधली होती.

या साऱ्या चोरांचा गुरू मूलदेव. चौर्यशास्त्राचा प्रणेता म्हणून त्याचे नाव संस्कृत व प्राकृत साहित्यात सर्वत्र येते. अमेरिकन पंडित मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९१३ मध्ये मूलदेवावर आणि १९२३ मध्ये भारतीय कथांतील चौर्यकलेवर स्वतंत्र निबंध लिहिले, इतका हा विषय समृद्ध आहे. मूलदेवाची सर्वांत चांगली कथा मात्र जैन परंपरेने जपली. उत्तराध्ययन सूत्रावरील अकराव्या शतकातील देवेंद्रगणींच्या टीकेत ती येते, आणि तिची भाषा आहे महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची पूर्वज. जर्मन विद्वान हर्मन याकोबी यांनी १८८६ साली या टीकेतील निवडक कथा प्रसिद्ध केल्या, तेव्हा युरोपातील अभ्यासकांना महाराष्ट्री शिकविण्याचे पहिले पाठ्यपुस्तक या जैन मुनीच्या लेखणीतून मिळाले. आपल्या भाषेच्या अभिमान्यांना ही गोष्ट अजूनही फारशी ठाऊक नसते.

त्या कथेतील चोराचे नाव मंडिक. बेन्नातट नगरात तो दिवसा रस्त्याच्या कडेला बसून रफूगाराचा धंदा करतो. गुडघ्याला पट्टी बांधून, काठी टेकीत लंगडत चालतो; जखमी, गरीब, कष्टाळू माणूस म्हणून लोक त्याची कीव करतात. रात्री तोच मंडिक घरे फोडतो. ज्या कोणी हा चोर रफूगार कल्पिला त्याला कापडाच्या पेठेची चांगली जाण असली पाहिजे. रफूगाराचे काम उत्तम झाले म्हणजे ते दिसतच नाही. फाटले होते कोठे, हे धन्यालाही सापडू नये, हीच त्याची परीक्षा. राजा झालेला मूलदेव वेषांतर करून रात्री त्याच्या जाळ्यात मुद्दाम सापडतो आणि हमाल होऊन चोरीचे गाठोडे त्याच्या भुयारापर्यंत वाहून नेतो. तेथे मंडिकाची बहीण आलेल्या हमालाचे पाय धुण्याचा आतिथ्यशील बहाणा करून त्याला विहिरीत ढकलून देत असते. मूलदेवाच्या पायांचा मऊपणा हाताला लागताच तिला दया येते आणि ती त्याला पळून जाण्याची खूण करते. दुसऱ्या दिवशी राजा मंडिकाला दरबारात बोलावून मोठा मान देतो, त्याच्या बहिणीशी विवाह करतो, गोडीगुलाबीने हळूहळू त्याचे सारे धन काढून घेतो, आणि धन संपल्यावर त्याला सुळी देतो. येथे अधिक सभ्य चोर कोण, मंडिक की मूलदेव, असा प्रश्न कोणालाही पडेल. टीकाकारांनी मात्र दृष्टांत वेगळाच काढला. मंडिकाकडून लाभ होत होता तोवर राजाने त्याला पोसले. तसे निर्जरेचा लाभ होत आहे तोवरच साधूने देहाला पोसावे!

जैन कथांतील सर्वांत लोभस चोर म्हणजे रौहिणेय. त्याचा बाप लोहखुर मरताना मुलाला एकच आज्ञा देतो : महावीराची वाणी कानावर पडू देऊ नकोस. बाप धंद्यात मुरलेला होता. त्याला धोका नेमका कोठे आहे हे कळत होते. राजगृहाकडे जाताना समवसरणाजवळून वाट जाते, म्हणून रौहिणेय दोन्ही कानांत बोटे घालून धावत सुटतो. एके दिवशी पायात काटा रुततो. काटा काढण्यासाठी एक हात कानावरून काढावाच लागतो, आणि तेवढ्या क्षणात देवांचे वर्णन त्याच्या कानी पडते. देवांचे पाय जमिनीला लागत नाहीत, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या गळ्यातील माळा कोमेजत नाहीत.

पुढे अभयकुमार त्याला पकडतो. रौहिणेय शांतपणे सांगतो, आपण शालिग्रामचा दुर्गचंड नावाचा कुटुंबवत्सल शेतकरी, कामानिमित्त नगरात आलो होतो, उशीर झाला. चौकशी केली तर गावकरीही तेच सांगतात. तशी त्याने आधीच व्यवस्था करून ठेवलेली असते. पुराव्याशिवाय दंड करावयाचा नाही, हे श्रेणिकाच्या न्यायाचे तत्त्व. म्हणून अभयकुमार एक नाटक रचतो. मद्याने बेशुद्ध झालेल्या रौहिणेयाला तो देवविमानासारख्या सजविलेल्या महालात ठेवतो. जाग येताच भोवती अप्सरा. त्या म्हणतात, आपण स्वर्गात जन्मला आहात. रिवाजाप्रमाणे आधी पूर्वजन्मीची पुण्ये आणि पापे सांगावीत. क्षणभर तो फसतोही. मग लक्ष जाते : यांच्या पापण्या लवत आहेत, कपाळावर घाम आहे, माळा सुकल्या आहेत. तो हसून दानधर्माची आणि तीर्थयात्रांची एक लांबलचक यादी ऐकवतो. पाप? छे, ते तर कधी केलेच नाही! अभयकुमारासारख्या बुद्धिमंताला त्याला सोडून द्यावे लागते.

येथवर ही कथा रॅफल्स किंवा लुपिन यांच्या कोणत्याही कथेच्या पंक्तीला बसते. चोर जिंकला, पहारेकरी हरले, वाचक खूश झाला. परंतु जैन कथाकार येथे थांबत नाही. सुटून आलेला रौहिणेय विचार करतो की बापाच्या उपदेशाने आयुष्यभर आपल्याला कानांत बोटे घालावयास लावले, आणि प्राण वाचले ते मात्र नकळत ऐकलेल्या चार वाक्यांनी. तो महावीरांच्या चरणी जातो, स्वतःहून कबुली देतो, डोंगरात पुरलेले धन दाखवतो. ते ज्याचे त्याला परत केले जाते, आणि मग तो दीक्षा घेतो. शर्विलकाला मदनिका मिळाली, अपहारवर्म्याला राज्य मिळाले. ज्यांची घरे फुटली त्यांचे काय झाले हे कोणी विचारले नाही. रौहिणेयाच्या कथेत मात्र दीक्षेच्या आधी माल परत होतो. हा क्रम सहज आलेला नाही.

या कथेवर वादिदेवसूरींच्या शिष्यपरंपरेतील रामभद्र मुनी यांनी बाराव्या शतकात ‘प्रबुद्धरौहिणेय’ हे सहा अंकी संस्कृत नाटक लिहिले. यशोवीर आणि अजयपाल या श्रेष्ठी बंधूंनी जालोर येथे बांधलेल्या आदिनाथ भगवंतांच्या मंदिरात, यात्रोत्सवप्रसंगी करावयाचे म्हणून ते रचले गेले. मंदिराच्या उत्सवात चोराला नायक करून नाटक व्हावे, आणि त्याचा खर्च ज्यांच्या घरी चोरी होऊ शकते अशा व्यापाऱ्यांनीच करावा, यात त्या समाजाचे मोठे मन दिसते.

प्रभवाची कथा तर याहून विलक्षण. तो मूळचा राजपुत्र; धाकट्या भावाला गादी मिळाल्यामुळे रागाने घर सोडून पाचशे चोरांचा नायक झाला. लोकांना झोपविण्याची आणि कुलुपे उघडण्याची अशा दोन विद्या त्याला अवगत होत्या. राजगृहात जंबूकुमाराच्या विवाहाच्या रात्री आठ वधूंचे आंदण घरात पडलेले असताना तो आत शिरला. सारे घर झोपले. जंबूकुमार मात्र जागाच, आणि नववधूंशी वैराग्याविषयी बोलत बसलेला. आपली विद्या येथे चालत नाही हे पाहताच प्रभव हत्यार काढीत नाही. तो विनयाने देवघेव सुचवतो : तुमची विद्या मला द्या, माझ्या दोन्ही घ्या. पहाटेपर्यंत जंबूकुमारांचे बोलणे ऐकून तो आपल्या साथीदारांसह दीक्षेला सिद्ध झाला. श्वेतांबर पट्टावलीत सुधर्मास्वामी, जंबूस्वामी आणि त्यांच्यामागून प्रभवस्वामी असा क्रम आहे. घर फोडावयास आलेला माणूस त्याच घराच्या धन्याचा उत्तराधिकारी झाला. दिगंबर परंपरेत हे स्थान विद्युच्चर चोराला आहे. तोही पाचशे साथीदारांसह मुनी झाला आणि मथुरेजवळ त्या सर्वांनी घोर उपसर्ग सहन केला. त्यांच्या स्मरणार्थ मथुरेला पाचशेहून अधिक स्तूप होते. अकबराच्या काळात साहू टोडर यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला, आणि त्या निमित्ताने पंडित राजमल्ल यांनी जंबूस्वामींचे चरित्र लिहिले. चोरांच्या स्मारकांचा एका सावकाराने जीर्णोद्धार केल्याची ही नोंद इतिहासात बहुधा एकमेव असावी.

कथेतून इतिहासात उतरले की मात्र या सभ्यपणाचा रंग पालटतो. कळंब हे गाव अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात एका सरकाराचे ठाणे म्हणून ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदलेले आहे, चिंतामणीच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू आणि बाजारासाठी येणारा बैलगाडीवाला व्यापारी या गावाने शतकानुशतके पाहिले. त्या काळी प्रवास एकट्याने होत नसे. सोबत हवी असे, आणि सोबतीनेच घात होई. नागपूर, अमरावती, हैदराबाद या वाटांवर ठगांच्या टोळ्यांचा जो वावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होता, त्याचे चित्र मेडोज टेलर यांच्या १८३९ सालच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीत सापडते. टेलर निजामाच्या चाकरीत होते आणि माफीच्या साक्षीदारांचे जबाब त्यांनी स्वतः ऐकले होते. त्यांचा नायक अमीर अली हा देखणा, अदबशीर, गोड बोलणारा. ठगांच्या टोळीत ‘सोथा’ नावाचा एक स्वतंत्र हुद्दाच असे. त्याचे काम एवढेच की सावज ठरलेल्या प्रवाशाशी स्नेह जोडावा, वाटेतल्या धोक्यांची काळजी दाखवावी, आपल्यासोबत चला म्हणून आग्रह करावा. पुढे रुमाल टाकणारा दुसराच असे. या प्रकरणी इंग्रजांच्या कागदपत्रांत अतिशयोक्ती आहे असे अलीकडील इतिहासकार म्हणतात आणि त्यात तथ्य असेलही. परंतु परतीची वाट पाहत राहिलेली घरे खरी होती. सौजन्य हेच जेव्हा हत्यार असते तेव्हा सभ्य चोर हा शब्दप्रयोग किती भयंकर ठरतो, हे त्या काळच्या सराफा-सावकारांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आधुनिक मराठीत या पात्राने पुन्हा लोकप्रियता मिळवली ती बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतून. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळापहाड हे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर वावरणारे, परंतु दुबळ्यांच्या बाजूने उभे राहणारे. गावोगावच्या वाचनालयांतून आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून त्यांनी दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. या कारणासाठी तरी समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवावयास नको होती. याउलट, १९६२ साली आचार्य अत्रे यांनी ‘तो मी नव्हेच’ या नाटकात जो लखोबा लोखंडे उभा केला त्याने सभ्य चोराविषयीचा सारा रम्य भ्रम पुसून टाकला. निपाणीचा हा तंबाखूचा व्यापारी नावे, वेश आणि भाषा बदलून घरोघरी प्रवेश मिळवतो, लग्ने करतो आणि त्या कुटुंबांना लुबाडून नाहीसा होतो. प्रत्यक्ष घडलेल्या फसवणुकीच्या खटल्याचा आधार या नाटकाला होता. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका एवढ्या ताकदीने केली की प्रेक्षक लखोबाच्या हजरजबाबीपणाला दाद देत आणि त्याच वेळी साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रियांकडे पाहून अस्वस्थ होत. मृच्छकटिकातील धूता न बोलता आपली रत्नमाला देऊन गेली होती. अत्र्यांच्या नाटकात तिच्या बहिणी न्यायालयात येऊन बोलू लागल्या, हा फरक लहान नाही.

जैन आचार्यांना या दुसऱ्या प्रकारच्या चोराचीही पूर्ण ओळख होती. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ ग्रंथावरील प्रभाचंद्रांच्या टीकेत चोरीचे उदाहरण म्हणून जो येतो तो दरोडेखोर नव्हे, तापस आहे. कौशांबीत तो शिंक्यात बसून राहतो. परक्याच्या जमिनीला पायसुद्धा लागू नये इतका तो म्हणे अचौर्याच्या बाबतीत काटेकोर! रात्री मात्र त्याची टोळी नगर लुटते. त्याच ग्रंथपरंपरेत ताम्रलिप्तीच्या जिनेंद्रभक्त शेठजींची कथा आहे. त्यांच्या वाड्यातील चैत्यालयात पार्श्वनाथ भगवंतांच्या छत्रावर वैडूर्य रत्न होते. ते पळविण्यासाठी सूर्य नावाचा चोर क्षुल्लकाचा वेश घेऊन, उपवासांनी शरीर वाळवून तेथे आला, आणि शेठजींनी त्याच्यावरच चैत्यालयाची राखण सोपविली. मध्यरात्री रत्न घेऊन निघताना त्याच्या तेजाने तो पकडला जाऊ लागला, तेव्हा धावत शेठजींच्याच आश्रयाला आला. शेठजी क्षणात सर्व समजले. पहारेकऱ्यांना ते म्हणाले, याने रत्न माझ्याच सांगण्यावरून आणले. या तपस्व्याला चोर म्हटलेत हे वाईट केलेत. पहारेकरी गेल्यावर त्यांनी त्याच रात्री त्या मनुष्याला तेथून घालवून दिले.

सम्यग्दर्शनाच्या उपगूहन अंगाचा हा दृष्टांत आहे, आणि संस्था चालविणाऱ्यांनी तो विशेष काळजीने वाचला पाहिजे. कारण याच कथेचा आधार घेऊन समाजातील एखाद्या प्रतिष्ठित, मिठ्ठास माणसाने केलेला अपहार धर्माची बदनामी नको म्हणून झाकला जावा, असेही मत ऐकू येते. कथा तसे सांगत नाही. शेठजींनी वेशाची अप्रतिष्ठा टाळली; परंतु रत्न जाऊ दिले नाही, त्या मनुष्याला दुसऱ्या दिवसापर्यंतही पदावर राहू दिले नाही, आणि शिवाय ते रत्न त्यांचे स्वतःचे होते. सार्वजनिक विश्वस्ताच्या हातातील पैसा त्याचा स्वतःचा नसतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने नोंदणीकृत संस्थेच्या हिशेबांची दरवर्षी तपासणी आवश्यक ठरविली आहे ती याचसाठी. परक्याच्या रत्नावर औदार्य दाखविण्याचा अधिकार शेठजींनाही नव्हता.

तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार पाहिले तरी आचार्यांची नजर कोठे होती ते कळते. चोराला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम चुकवून व्यवहार करणे, घेण्याची आणि देण्याची मापे वेगळी ठेवणे, चांगल्या मालात हलका मिसळणे. या पाचांत घरफोडीचे नाव नाही. घर फोडणाऱ्याला ते अतिचार सांगतच नव्हते. ते दुकानात बसणाऱ्याशी बोलत होते. १९५६ च्या कायद्याने वार जाऊन मीटर आला, लोखंडी पट्टीवर सरकारी शिक्का उमटला. तरी मोजताना कापड किती ताणावे हे पट्टीवर लिहिलेले नसते. गिऱ्हाइकाला बसावयास गादी आणि प्यावयास चहा देऊन, मुलाबाळांची विचारपूस करीत, सुती म्हणून मिश्र धाग्याचा तागा फाडून देता येतो. मराठीत यालाच मापात पाप म्हणतात, आणि हा चोर शर्विलकापेक्षा कितीतरी अधिक सभ्य असतो.

असाच एक सभ्य गृहस्थ प्रभाचंद्रांनी असत्याचे उदाहरण म्हणून रंगविला आहे. सिंहपुरात श्रीभूती नावाचा पुरोहित होता. आपण कधी खोटे बोललो तर जीभच कापून घेऊ, असे सांगत तो जानव्याला सुरी बांधून फिरे. त्यामुळे लोक त्याला सत्यघोष म्हणत आणि डोळे मिटून त्याच्याकडे ठेवी ठेवीत. समुद्रदत्त नावाच्या व्यापाऱ्याने परदेशी जाताना पाच रत्ने त्याच्याकडे ठेवली. परत येताना त्याचे जहाज फुटले. फाटक्या वस्त्रांत तो ठेव मागावयास आला, तर सत्यघोषाने भोवतीच्या लोकांना शांतपणे सांगितले की सर्वस्व बुडाल्यामुळे बिचाऱ्याला वेड लागले आहे. सर्वांना ते पटले. सहा महिने तो व्यापारी रोज पहाटे राजवाड्यामागच्या झाडावर चढून, सत्यघोषाने माझी रत्ने घेतली, असे ओरडत राहिला. राजा सिंहसेनही त्याला वेडाच समजला. राणी रामदत्तेला मात्र वाटले, वेडा माणूस रोज नेमके एकच वाक्य कसे बोलेल? तिने सत्यघोषाला द्यूतास बसविले, त्याची अंगठी आणि सुरी बांधलेले जानवे जिंकले, आणि त्या खुणा दासीच्या हाती त्याच्या घरी पाठवून पत्नीकडून रत्ने मागविली. राजाने ती आपल्या खजिन्यातील रत्नांत मिसळली आणि ताट त्या वेड्यासमोर ठेवले. समुद्रदत्ताने ताटातून आपली पाच रत्ने वेचून घेतली; बाकीच्यांना त्याने हात लावला नाही.